बिनमिठाचं लोणचं : किसो खोऱ्यातले तीन दिवस

जपानला जायचं ठरलं तेव्हा आईने दोन अटी घातल्या. रोज उठून बॅगा भरायच्या नाहीत आणि एकदा तरी "माणसं राहतात अशा घरात" राहायचं. क्योतोमध्ये चार दिवस देवळं बघून झाल्यावर तिने दुसऱ्या अटीची आठवण करून दिली. त्या अटीचं उत्तर मी आधीच शोधून ठेवलं होतं: मध्य जपानमधल्या किसो खोऱ्यात, त्सुमागो गावाला लागून असलेल्या ओत्सुमागो वाडीतलं पाच खोल्यांचं एक मिन्शुकू.

मिन्शुकू म्हणजे घरातल्या माणसांनीच चालवलेलं अतिथीगृह. र्‍योकानसारखा थाट नसतो; ती जुन्या पद्धतीची, महागडी सराई. खोलीत चटई, जमिनीवर गादी, न्हाणीघर सगळ्यांत एक, आणि रात्रीचं जेवण व सकाळची न्याहारी धरूनच दर. आम्ही माणशी १२,००० येन दिले, म्हणजे साधारण सात हजार रुपये. पैसे रोख. अशा बहुतेक घरांत कार्ड चालत नाही आणि वाडीत एटीएम नसतं, तेव्हा येन वाटेतल्या नागोया शहरातच काढून घ्या.

आई शुद्ध शाकाहारी. जपानमध्ये मासळी टाळणं सोपं, पण वाळवलेल्या मासळीचं 'दाशी' हे पाणी टाळणं महाकठीण. सूपपासून भाजीपर्यंत सगळ्यात ते असतं. म्हणून दोन आठवडे आधी जपानीत मेल लिहून घेतला होता : मांस नाही, मासा नाही, माशाचं दाशीही नाही. दोन घरांनी नम्रपणे नकार कळवला. तिसऱ्या घराने लिहिलं, "समुद्री शेवाळ आणि मश्रूमचं दाशी करू. चालेल का?" चालेल का काय!

पहिला दिवस : मागोमे ते त्सुमागो

मोठ्या बॅगा क्योतोहूनच कुरिअरने तोक्योच्या हॉटेलवर पाठवल्या. याला 'ताक्युबिन' म्हणतात. जपानच्या खेड्यांत जायचं असेल तर याच्यासारखी सोय नाही. आमच्याकडे उरल्या दोन पाठपिशव्या आणि आईची चाकांची छोटी बॅग. नागोयाहून एक्स्प्रेसने पाऊण-एक तासात नाकात्सुगावा, तिथून बसने अर्ध्या तासात मागोमे, आणि मागोमेहून त्सुमागोकडे जुन्या डोंगरवाटेने पायी. यात काहीच बिघडलं नाही. बिघडवलं ते आम्हीच.

नाकात्सुगावा 'कुरी-किंतोन'साठी प्रसिद्ध आहे. उकडलेल्या चेस्टनटचा गर आणि साखर, बस. फडक्यात पिळून वरती टोक काढलेला गोळा, अगदी आपल्या मोदकाचा धाकटा भाऊ. फक्त शरद ऋतूत मिळतो. आईने घटकपदार्थ दोनदा विचारून घेतले आणि निकाल दिला, "उपासाला चालेल गं हे." मग आम्ही दुसऱ्या दुकानात दुसऱ्यांदा उपास केला आणि एक बस सोडली.

मागोमेच्या पर्यटन कार्यालयात बॅग दिली की ते ती त्सुमागोला पोचवतात. वेळ साडेअकरापर्यंत. आम्ही पोचलो अकरा बेचाळीसला. काउंटरवरच्या बाईंनी घड्याळाकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं आणि इतकं मनापासून वाईट वाटल्यासारखं वाकून नाही म्हटलं, की मलाच त्यांची माफी मागावीशी वाटली. गाडी निघून गेलेली. बॅग आता आमच्याबरोबर चालणार होती.

एदो म्हणजे आजचं तोक्यो. तिथून क्योतोला डोंगरातून जाणारा जुना राजरस्ता म्हणजे नाकासेंदो. सुमारे ५३० किलोमीटर आणि वाटेत ६९ मुक्कामाची गावं. त्यांपैकी मागोमे ४३ वं, त्सुमागो ४२ वं. मधलं अंतर आठ किलोमीटर आणि मध्ये साधारण ८०० मीटर उंचीची एक खिंड. गंमत म्हणजे मागोमे २००५ पर्यंत नागानो प्रांतात होतं, आता गिफूत आहे. त्यामुळे खिंडीत आपण प्रांतही ओलांडतो. चालायचं तर मागोमेकडूनच निघा, चढ कमी पडतो. (हे मी आधीच वाचून ठेवलं होतं. साडेअकराचं वाचलं नव्हतं.)

मागोमेची मुख्य गल्ली म्हणजे दगडी फरसबंदीचा खडा चढ. त्यावर आईच्या बॅगेच्या चाकांचा असा खडखडाट, की दुकानांतली माणसं बाहेर डोकावायला लागली. शेवटी मी ती बॅग कडेवर घेतली. वर पोचल्यावर मागे वळून पाहिलं तर एना पर्वत, निळा, डोक्यावर ढग. घराघरांच्या पागोळ्यांखाली सोललेली पर्सिमनची फळं दोरीला बांधून वाळत टाकलेली. भगव्या रंगाच्या माळाच माळा.

त्यानंतरची वाट देवदारासारख्या उंच झाडांतून जाते. ठरावीक अंतरावर खांबाला पितळी घंटा टांगलेली असते आणि शेजारी अस्वलाचं चित्र. जाताना घंटा वाजवायची, म्हणजे अस्वलाला आपण आल्याचं कळतं. आईने पहिली घंटा पाहिली, चपळाईने पुढे झाली, वाजवली आणि सवयीने हात जोडले. पुढे प्रत्येक घंटेला तिने तेच केलं. अस्वल आलं नाही.

खिंडीच्या पलीकडे उतारावर एक जुनं चहाघर आहे. गावातले लोक ते चालवतात, चहा फुकट, हवं तर डब्यात पैसे टाकायचे. आत चूल धुमसत होती. एका आजोबांनी चहा आणि सोबत मुरवलेल्या भाजीच्या फोडी दिल्या. आईच्या पायांकडे बघितलं, बाहेर गेले आणि बांबूची काठी घेऊन आले. मग घड्याळावर बोट ठेवून काहीतरी गंभीरपणे सांगितलं. भाषा कळली नाही, अर्थ कळला. तीन वाजले होते आणि अजून बरंच चालायचं होतं.

तेवढ्यात पाऊस आला. मोठा नाही, पण गार. दगडांवर शेवाळ, त्यावर मेपलची लाल पानं, सगळं निसरडं. वाटेतले दोन जोडधबधबे, एक पुरुष आणि एक स्त्री असं त्यांना म्हणतात, आम्ही फक्त ऐकले. नोव्हेंबरात पावणेपाचला सूर्य मावळतो, आणि दरीत त्याच्या आधीच. लोक हे अंतर तीन तासांत कापतात. आम्हाला पाच लागले.

वाडीच्या वळणावर एक दिवा हलताना दिसला. छत्री, विजेरी, गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, आणि त्या सगळ्याच्या आत एक छोटीशी म्हातारी. ती आमच्याकडे जवळजवळ पळत आली आणि एक शब्द न बोलता तिने माझ्या कडेवरची बॅग काढून घेतली. वय एकोणऐंशी, हे नंतर कळलं.

घरात गेलो तर आणखी लाजिरवाणं. जेवण सहाला असतं, पण आधी येऊन आंघोळी करून बसायचं असतं. इतर पाहुणे युकाता, म्हणजे सुती झगा, घालून आपापल्या ताटांपुढे बसलेले, आणि आम्ही दारात पाणी निथळत उभ्या. त्यांच्यातले एक निवृत्त शाळामास्तर इंग्रजी बोलायचे. त्यांनी समजावलं, "रागावल्या नाहीत त्या. त्यांना काळजी वाटत होती. पण उशीर होणार असेल तर फोन करायचा. इथे मासा पाहुण्याच्या वेळेवर निखाऱ्यावर चढतो." ही सूचना मी जशीच्या तशी पुढे देते. पाचच्या आत पोचा, नाही तर फोन करा. त्याला पर्याय नाही.

जेवण इरोरीभोवती होतं. इरोरी म्हणजे जमिनीत खोदलेला चौकोनी अग्निकुंड. राख बारीक चाळलेली, मध्ये निखारे, वर आढ्याच्या आकड्याला लोखंडी किटली, आणि तुळया पिढ्यान्‌पिढ्यांच्या धुराने काळ्याभोर चकचकीत. माझ्यापुढे काडीला खोचलेला, नदीच्या वळणासारखा वाकलेला मिठातला मासा. शिवाय एका चिमुकल्या वाटीत गोडसर काळं काहीतरी. मी दोन घास खाल्ले, मग विचारलं. गांधीलमाशीची अंडपिल्लं. आई एक इंच बाजूला सरकली. तिच्यापुढे तळलेला तोफू, मुरलेला भोपळा, मश्रूम घातलेली मिसोची (आंबवलेल्या सोयाबीनच्या वाटणाची) आमटी, सोबाच्या शेवया, आणि एका बशीत उकडल्यासारखी दिसणारी हिरवट पानं.

तिने एक पान तोंडात घातलं आणि थांबली. "मीठ नाही यात. पण आंबट आहे. कसलं आंबट?"

मास्तरांनी सांगितलं, याला सुंकी म्हणतात. लाल सलगमाचा पाला, मीठ अजिबात न घालता आंबवलेला. पूर्वी या डोंगरात मीठ समुद्रावरून यायचं, महाग पडायचं. म्हणून त्याच्यावाचून लोणचं करायला शिकले. आईला हे पटेना. मिठावाचून लोणचं टिकतं कसं? उत्तर दुसऱ्या दिवशी मिळायचं होतं.

मास्तर तोक्योतल्या निहोनबाशी पुलापासून नाकासेंदो चालत निघालेले. एका दमात नाही. दरवर्षी चार-पाच दिवस, गेल्या वर्षी जिथे थांबले तिथून पुढे. हे सहावं वर्ष. आई म्हणाली, "म्हणजे वारीच की." ते त्यांना सांगायला मला बराच वेळ लागला. मास्तरांनी मालकीणबाईंना काय हाक मारायची तेही शिकवलं : ओकाआसान, म्हणजे आई. आपल्याकडे खानावळीतल्या बाईंना सगळे मावशी म्हणतात, तसंच.

मग न्हाणीघर. हिनोकी, म्हणजे जपानी सायप्रसच्या लाकडाचा टब, पाणी कढत, वास सुखद. एका वेळी एकच कुटुंब आत जातं, आतून कडी लावायची, त्यामुळे संकोचाचं कारण नाही. आधी बाहेर बसून साबणाने स्वच्छ आंघोळ, मग टबात फक्त बुडून बसायचं. आई आधी गेली. बऱ्याच वेळाने आतून आवाज आला, "अगं, याचं बूच कुठेय? पाणी सोडून देते, तुला नवीन भरून घे." मी दाराबाहेरून ओरडले. ते पाणी सगळ्यांचं असतं, रात्रभर तेच. आईच्या सोवळ्या मनाला हे फार जड गेलं. आपण शेवटी नव्हतो, मागे तीन माणसं होती, एवढंच तिने नंतर म्हटलं.

रात्री तापमान तीनवर. खोलीत रॉकेलचा हीटर होता, तो झोपताना बंद करायचा. मग ओकाआसान आल्या आणि गाद्यांच्या पायथ्याशी कापडात गुंडाळलेली गरम पाण्याची चपटी भांडी सरकवून गेल्या. सकाळपर्यंत पाय उबदार होते. नाक मात्र नाही.

दुसरा दिवस : त्सुमागो आणि पडवीतला पाला

न्याहारीला भात, आमटी, शेवाळाचे कागद, अंडं आणि नात्तो. आंबवलेल्या सोयाबीनच्या तारा सुटायला लागल्यावर आईने शांतपणे पिशवीतून मेतकुटाची पुडी काढली. ओकाआसान वाकून बघायला लागल्या. चिमूटभर तळहातावर घेतलं, वास घेतला. "किनाको?" किनाको म्हणजे भाजलेल्या सोयाबीनचं पीठ, रंगाने तस्संच. मग त्यांना हिंग लागला. चेहऱ्यावरून चार ऋतू गेले. पण त्यांनी भात आणला आणि पुन्हा घातलं.

मास्तर पुढच्या मुक्कामाला निघून गेले. बहुतेक लोक एकच रात्र राहतात. आमच्या दोन रात्री आहेत कळल्यावर ओकाआसानना खात्री करून घ्यावीशी वाटली. मी सांगेन, दोन राहाच. पहिली रात्र थकव्यात आणि शिष्टाचार सांभाळण्यातच जाते.

त्सुमागो पायी वीस मिनिटांवर. सकाळी नऊला रस्त्यावर आम्ही आणि एक झाडणारे काका. विजेच्या तारा दिसत नाहीत, दिवसा दहा ते चार मोटारींना बंदी. पोस्टसुद्धा लाकडी घरात. काही छपरांवर कौलांऐवजी फळ्या, आणि त्या उडू नयेत म्हणून ओळीने ठेवलेले दगड. रेल्वे आणि नवे रस्ते दुसरीकडून गेल्यावर हे गाव ओस पडत चाललेलं. १९६८ पासून लोकांनी घरं दुरुस्त करायला घेतली आणि १९७१ मध्ये आपसांत ठरवलं : विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही, पाडायचं नाही. १९७६ मध्ये सरकारने देशातल्या पहिल्या काही संरक्षित वस्त्यांत त्याची नोंद केली. आमच्या सदाशिव पेठेतले वाडे डोळ्यांपुढून सरकले. तिथे आता फक्त इमारतीच्या नावात 'वाडा' उरलाय.

'वाकी-होंजिन' हे जुन्या श्रीमंत घराण्याचं घर आता संग्रहालय आहे. ते जरूर बघा. एदो काळात, म्हणजे १८६८ च्या आधी, इथलं जंगल ओवारीच्या सरदारांचं होतं. हिनोकीसह पाच जातींची झाडं तोडायला बंदी. "एक झाड, एक डोकं" अशी म्हणच होती, म्हणजे झाड तोडलं की शिरच्छेद. ती बंदी उठल्यावर १८७७ मध्ये या घराण्याने अख्खं घर हिनोकीत बांधलं. आजोबा-पणजोबांनी नुसतं बघितलेलं लाकूड! थंडीच्या दिवसांत गजांच्या खिडकीतून उन्हाच्या तिरप्या पट्ट्या इरोरीच्या धुरावर उतरतात, त्या आम्हाला दहा मिनिटं मिळाल्या. १८८० मध्ये सम्राट मेजी इथे थोडा वेळ थांबले होते. त्यांच्यासाठी खास शौचकूप बांधलं आणि त्यांनी ते वापरलंच नाही. ते अजून कोरं आहे. आईला संपूर्ण जपानमध्ये सर्वांत जास्त हसू इथे आलं.

व्यावहारिक गोष्ट : गावात पाचनंतर सगळं बंद. दुपारचं खाणं दोनच्या आत उरका. काडीवर थापून, अक्रोड आणि मिसो लावून भाजलेल्या भाताच्या 'गोहेइ-मोची' शाकाहाऱ्यांना चालतात. सोबाच्या दुकानात मात्र दाशी विचाराच.

परतलो तर दारातून आवाज आला, "ओकाएरी!" घरी परतलेल्या माणसाला म्हणतात ते. पडवीत ओकाआसान लाल सलगमाच्या ढिगाऱ्यात बसल्या होत्या. आईने काही न विचारता चपला काढल्या, बाह्या सरसावल्या आणि समोर बसली.

पाला निवडायचा, चार पाण्यांतून धुवायचा. मोठ्या पातेल्यात पाणी तापलेलं, त्यात जुडी क्षणभर बुडवून काढायची. शिजवायची नाही. मग पिंपात एक थर गरम पाल्याचा, त्यावर एक थर कशाचा तरी. ओकाआसाननी वर्तमानपत्राची पुडी उघडली. आत तपकिरी, वाळकी, चुरगळलेली पानं. मागच्या वर्षीची सुंकी.

आईच्या लक्षात येताच ती ओरडली, "अगं, विरजण आहे हे!"

मी फोनवर भाषांतर लावलं. त्याने 'विरजण' या शब्दाचं काय केलं देव जाणे. ओकाआसान एकदम गंभीर होऊन आमच्याकडे बघायला लागल्या. बहुधा त्यांच्या उत्साहावर विरजण पडल्याचं आम्ही कळवलं असावं. मग आईनेच हाताने दाखवलं : दूध, बोटभर दही, ढवळणं, झाकण, डबा गोधडीत. ओकाआसान उठल्या आणि आतून एक जुनी रजई घेऊन आल्या. पिंप त्यात गुंडाळलं. दोघी एकमेकींच्या दंडावर चापट्या मारत हसल्या.

मिठाचं कोडं तिथे सुटलं. दह्यातल्यासारखेच जिवाणू पाला आंबवतात आणि तो आंबटपणाच त्याला टिकवतो. ओकाआसानचं माहेर ओंताके पर्वताच्या पायथ्याशी, काइदा पठारावर. हे वाळकं विरजण माहेरचं आहे. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांच्या आईने पुडी बांधून दिली होती, त्याला आता छप्पन्न वर्षं झाली. दरवर्षी थोडं बाजूला काढून वाळवायचं. एक वर्ष नासलं, तेव्हा भावाकडून पुन्हा मागवलं. हे सगळं फोनच्या मोडक्यातोडक्या भाषांतरातून कळलं. ते आईला वाचून दाखवलं तेव्हा ती काही बोलली नाही, पुढची जुडी निवडायला घेतली.

रात्री आईने लिंबाच्या लोणच्याची छोटी बाटली काढली. ओकाआसाननी एक फोड खाल्ली, डोळे घट्ट मिटले आणि भाताचा वाडगा ओढला. मीठ! बाटलीवर त्यांनी चिकटपट्टी लावून जपानीत काही लिहिलं. फोन म्हणाला, "भारत, लिंबू, सावधान."

तिसरा दिवस : नागिसो

परतीच्या दिवशी ऊन पडलं. नागिसो स्टेशन बसने दहा मिनिटांवर. गाडीला वेळ असेल तर किसो नदीवरचा मोमोसुके पूल बघून या. १९२२ चा, २४७ मीटर लांबीचा लाकडी झुलता पूल आहे, वीजकेंद्राच्या कामासाठी बांधलेला. पायाखालच्या फळ्यांतून हिरवं पाणी दिसतं. आई मध्यापर्यंत आली आणि तिथूनच नदीला नमस्कार करून मागे फिरली.

पण त्याआधीचा निरोप सांगायला हवा. आई उंबऱ्यावर म्हणाली, "येते हं." ओकाआसान म्हणाल्या, "इत्तेराश्शाई." नेहमी निघताना 'सायोनारा' म्हणतात असा माझा समज. बसमध्ये शब्द शोधला. अर्थ निघाला, जाऊन या.

बस वळेपर्यंत त्या रस्त्यावर उभ्या होत्या. आईच्या मांडीवर वर्तमानपत्राची एक छोटी पुडी होती.

पुण्यात लाल सलगम कुठून आणणार? आईने मंडईतून मुळ्याचा कोवळा पाला आणला. धुतला, गरम पाण्यातून काढला, बरणीत थर लावले आणि बरणी माझ्या जुन्या दुलईत गुंडाळून ओट्याखाली ठेवली. आज चौथा दिवस. काल मी झाकण जरा उचललं. आंबूस वास यायला लागलाय. आई म्हणते, सारखं उघडून बघू नको.